एनव्हीडीए अचानक मुका झाला तर

एनव्हीडीए म्हणजे दृष्टिहीनांसाठी संगणकाचा पडदा बोलून वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो बोलायचा थांबला की पहिली हाक शेजाऱ्यांना जाते. तशी गरज नसते. बहुतेक वेळा इन्सर्ट आणि एस चुकून एकत्र दाबले गेलेले असतात, त्याने वाणी बंद होते. तीच जोडी सावकाश, थांबत थांबत दाबत राहा. आवाज परत येतो. लॅपटॉपवर इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक ठेवला असेल तर तो वापरा.

तरीही शांतता? कंट्रोल, ऑल्ट आणि एन. एनव्हीडीए बंद पडला असेल तर सुरू होतो, अडकला असेल तर नव्याने उठतो.

आता खरी परीक्षा: विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा पडदा-वाचक, नॅरेटर, सुरू करा. तो बोलला तर स्पीकर ठीक, दोष एनव्हीडीएत. तोही गप्प असेल तर आवाज बहुधा दुसरीकडे गेलाय. मुंबईतल्या छोट्या घरात एकच टीव्ही मॉनिटर म्हणूनही वापरतात, आणि एचडीएमआयची वायर लावली की आवाज बऱ्याचदा टीव्हीकडे वळतो. वायर काढून पाहा. ब्लूटूथ हेडफोन कपाटात चालू राहिलाय का, तेही बघा.

एनव्हीडीए बोलतोय पण सारखा अडखळतोय, तर संशय ॲड-ऑनवर, म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, घ्या. इन्सर्ट आणि क्यू दाबा, खालच्या बाणाने ॲड-ऑन बंद ठेवून रीस्टार्ट करण्याचा पर्याय निवडा, मग एंटर. सुरळीत चाललं तर दोष ॲड-ऑनचा; एकेक बंद करून कोणता ते शोधा. नॅरेटरच्या तीन कळा मात्र आजच पाठ करा.