ऑफिसचे किस्से आणि आपली कलाकुसर ऑनलाइन मैत्रिणींना कशी सांगायची

मी बँकेत काउंटरला बसते आणि घरी आल्यावर क्रोशे करते. या दोन्ही गोष्टी मी रोज ज्यांना सांगते त्यातल्या बऱ्याच जणी मला अजून प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत, ओळख झाली ती विणकामाच्या ग्रुपमधूनच, आणि तरी दिवसभराचा शीण त्यांच्याशी बोलल्यावर जातो. नव्याने ग्रुपमध्ये आलेल्या पोरी विचारतात की ताई ऑफिसचं सांगितलं तर चालतं का, फोटो टाकू का, कोणी चोरलं तर... म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

सगळ्यात आधी बघायचं की ऐकतंय कोण. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात, तिथे ऑफिसचा किस्सा टाकणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. मोठा ग्रुप हा शिकायला आणि फोटो बघायला ठेवा, आणि ज्यांच्याशी महिनोन् महिने बोलणं झालंय अशा सात-आठ जणींचा वेगळा छोटा ग्रुप करा, ऑफिसचं जे काय ते तिथेच. मेसेज आपोआप गायब होण्याची सोय आहे, 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस, ती लावून ठेवा. पण त्यावर फार विसंबू नका, कारण स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो. पाठवल्यावर काही खटकलं तर 15 मिनिटांत मेसेज एडिट करता येतो, तेवढ्यात एकदा परत वाचायची सवय लावून घ्या.

आता किस्सा. लोकांना वाटतं नाव काढलं की झालं, पण माणूस नावापेक्षा बाकीच्या गोष्टींवरूनच जास्त ओळखू येतो, गाव, तारीख, हुद्दा, आजार, रक्कम, कोणाची कोण. समजा नोव्हेंबर आहे, पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची गर्दी आहे, आणि तुम्ही लिहिलंत की 'आज आमच्या शाखेत अमुक गावच्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या मिसेस आल्या होत्या, मुलगा पुण्याला असतो, पेन्शन इतकी इतकी येते' तर नाव न घेता सगळं सांगून झालं, आणि त्या गावातली एखादी ग्रुपमध्ये असली तर तिला पत्ताही कळला. तोच किस्सा असा सांगून बघा: एका आजींचे ठसे मशीन घेतच नव्हतं, जन्मभर शेतात राबून आणि राखेने भांडी घासून बोटांच्या रेषा राहतात कुठे, आजी दरवेळी बोट पदराला पुसायच्या आणि पुन्हा मशीनवर ठेवायच्या, शेवटी म्हणाल्या, 'अगं बाई, मी जित्ती हाय न्हवं, दिसतीया न्हवं तुला?' मग मोबाईलवर चेहरा दाखवून काम झालं, 2021 पासून ती सोय आहे. बघा, गाव गेलं, पेन्शन गेली, मुलगा गेला, काहीच अडलं नाही. पदराला बोट पुसणं हाच खरा किस्सा होता, आणि तो आता जास्त उठून दिसतो. मला तर वाटतं की काय काय लपवायचं याचा विचार करतानाच कळतं की आपल्याला सांगायचं काय होतं. आणि लगेच त्याच दिवशी नका सांगू, थोडे आठवडे जाऊ द्या, म्हणजे तारखेवरून कोणी जोडणार नाही.

काही गोष्टी मात्र कितीही बदलून सांगायच्या नाहीत. खात्याची माहिती, पेशंटचे रिपोर्ट, क्लायंटचं नाव, कोणाचा पगार, स्क्रीनचा फोटो, हे नाही म्हणजे नाही. आयटीवाल्यांनी जॉइन होताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, तो एकदा काढून वाचा. राज्य सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवेचे 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत. आणि ऑफिसमधल्या लैंगिक छळाची तक्रार कमिटीकडे चालू असेल तर 2013 च्या कायद्यानेच तक्रारदार, साक्षीदार, चौकशी यातलं काहीच जाहीर करायला बंदी आहे, तुम्ही कितीही चांगल्या भावनेने सांगत असलात तरी. तुमच्यावरच असा प्रसंग आला असेल तर ग्रुपवर न लिहिता एका विश्वासाच्या मैत्रिणीला फोन करा, वकिलाला विचारा.

साहेबाबद्दल किंवा सहकाऱ्याबद्दल बोलायचं असेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका की तुम्हाला काय हवंय. 'फक्त ऐका गं, सल्ला नको' किंवा 'सांगा, मेल टाकू का नको?' हे नाही सांगितलं की तुम्ही रडताय आणि समोरून दहा उपाय येतात, मग दोन्ही बाजूंना वाईट वाटतं.

हेच विणकामाला, चित्राला, कवितेला पण लागू आहे. नुसतं 'कसं झालंय?' विचारलं की बदाम येतात, ते छान वाटतं पण हाताला काही लागत नाही. अडलंय ते विचारा. 'गोल रुमालाच्या कडेला लाटा येतायत, टाके जास्त वाढवतेय का?' असं विचारलं तर कोणीतरी लगेच सांगेल की मुक्या खांबाचा (म्हणजे आखूड टाक्याचा) गोल सपाट बसायला फेरीला साधारण 6 टाके वाढवायचे, खांबाचा (उंच टाक्याचा) असेल तर 12. जास्त झाले की झालर होते आणि कमी पडले की वाटीसारखा वळतो. सोबत सुई किती मिमीची, लोकर की दोरा, आणि पॅटर्न, म्हणजे टाक्यांची लिहिलेली कृती, अमेरिकन की ब्रिटिश ते लिहा, कारण अमेरिकन सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश डबल क्रोशे हा टाका एकच आहे, इथे भल्या भल्या अडकतात. फोटो सकाळी खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको, बाजूला एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि उलट्या बाजूचाही एक फोटो टाका, जाणकार बाई आधी उलटी बाजूच बघते. टाके स्पष्ट दिसावेत म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवणार असाल तर कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करा, कारण डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जाते आणि फोटो कुठे काढला तेही तिच्यासोबत जातं. लंच टाइमला विणताना फोटो काढला तर गळ्यातलं आयकार्ड आणि मागचा मॉनिटर फ्रेममधून बाहेर ठेवा.

कथा-बिथा लिहीत असाल तर अख्खी पीडीएफ नका टाकू, एक-दोन पानं टाका आणि विचारा की इथवर वाचून पुढचं वाचावंसं वाटतं का.

चोरीची भीती सगळ्यांना असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही काढलेलं चित्र, लिहिलेला पॅटर्न, लिहिलेली कविता आपोआप तुमचीच असते, नोंदणी करायलाच हवी असं नाही, तरी तारीख असलेला कच्चा आराखडा जपून ठेवा. पण ऑफिसच्या कामाचा भाग म्हणून जे केलंत, पोस्टर म्हणा लोगो म्हणा, ते वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाचं, ते टाकायच्या आधी विचारून घ्या. आणि विकत घेतलेला पॅटर्न कृपा करून ग्रुपवर फिरवू नका, त्यामागे कोणा बाईची मेहनत आहे, लिंक द्या, ज्यांना हवा त्या घेतील.

दुसऱ्या कोणी काही टाकलं की आपणही तेवढंच मनापासून बघायचं, 'मस्त' लिहून पुढे नाही जायचं, कुठला रंग आवडला, कुठला टाका ओढला गेलाय ते सांगायचं. आणि मैत्रिणीचा किस्सा किंवा फोटो बाहेर कोणाला दाखवावासा वाटला तर आधी विचारायचं, 'हे माझ्या बहिणीला पाठवू का गं?' एवढंच. ती हो म्हणाली तरी स्क्रीनशॉट नको, त्यात नाव नाहीतर नंबर दिसतो, मजकूर कॉपी करून पाठवा.