जपानी भुताखेतांची गोष्ट लिहायचीय? आधी 'कप्पा' नावाचं पाणभूत पकडा

टीनेजर्ससाठी फँटसी लिहिताना सामुराई, ड्रॅगन सगळं एकदम कोंबू नका राव, एकच काळ धरा, समजा एदो, १६०३ ते १८६८, आणि जीवही एकच. मी तर कप्पा घेईन. नदीत राहतो, काकडी म्हणजे जीव की प्राण, डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी, ते सांडलं की ताकद गेली. मग तुमची चौदा वर्षांची हिरॉईन तलवार कशाला उपसेल, ती कमरेत वाकून नमस्कार करते, कप्पा पडला शिस्तीचा, तोही वाकतो आणि पाणी भळ्ळकन खाली! जादूचा नियम आणि तिकडची रीत एकाच सीनमध्ये.

आणि हो, 'पाच मिनिटांनी' वगैरे लिहू नका, एदो काळात लोक दिवसाच्या उजेडाचे सहा भाग करायचे, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा प्रहरच लांबायचा.