प्रवेश परीक्षेतील गणिते सोडवताना मार्ग कसा निवडावा

शालेय परीक्षेत गणिताच्या पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे उत्तर चुकले तरी रीत बरोबर असल्यास काही गुण पदरात पडतात. महाविद्यालयाच्या बहुपर्यायी प्रवेश परीक्षेत रीत कोणी पाहत नाही. योग्य पर्याय निवडला तर पूर्ण गुण, नाहीतर शून्य किंवा ऋण गुण. म्हणून तेथे प्रत्येक गणितासाठी सर्वांत कमी आकडेमोडीचा मार्ग शोधणे हे स्वतंत्र कौशल्य ठरते, आणि हा निर्णय कच्चे काम सुरू करण्यापूर्वीच्या काही सेकंदांत घ्यायचा असतो.

त्यासाठी प्रश्नातील शेवटचे वाक्य आधी वाचावे, कारण नेमके काय विचारले आहे ते बहुधा तेथेच असते. एखादी संख्या आणि तिचा गुणाकार व्यस्त यांची बेरीज ३ आहे, तर त्या दोघांच्या घनांची बेरीज किती, असा प्रश्न घ्या. सवयीने विद्यार्थी वर्गसमीकरण मांडतो, ५ चे वर्गमूळ असलेली दोन अवघड मुळे काढतो आणि मग त्यांचे घन करण्यात अडकतो. प्रश्नाने मात्र ती संख्या मागितलेलीच नाही. दोघांचा गुणाकार १ असल्याने बेरजेच्या घनातून बेरजेची तिप्पट वजा केली की काम होते: २७ − ९ = १८. जे विचारले आहे ते दिलेल्या माहितीतून थेट मिळते का, हा प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून अज्ञात संख्या शोधायला निघू नये.

त्यानंतर पर्यायांकडे पाहावे. उत्तरे साध्या संख्या असतील आणि समीकरण सोडवणे किचकट असेल, तर पर्यायच समीकरणात घालून पाहणे सोपे जाते. (२क्ष + ३) चे वर्गमूळ क्ष इतके आहे, तर क्ष किती? दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास ३ आणि −१ अशी दोन मुळे मिळतात, आणि ‘३ व −१’ असा पर्याय प्रश्न रचणाऱ्याने हमखास ठेवलेला असतो. −१ मूळ समीकरणात घातल्यास डावी बाजू १ आणि उजवी −१ येते, म्हणजे उत्तर केवळ ३. वर्ग केल्यामुळे नसलेले मूळ उगवू शकते, तर दोन्ही बाजूंना चल असलेल्या पदाने भागल्यास असलेले मूळ हरवू शकते. या दोन्ही ठिकाणी पडताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पर्यायांत अक्षरे असतील तर त्या अक्षरांना सोयीच्या किमती देऊन पर्याय गाळता येतात. ही युक्ती सर्वांना ठाऊक असते, पण किंमत कोणती निवडावी याचा विचार फार थोडे विद्यार्थी करतात. १×२ + २×३ + … + न(न + १) या बेरजेसाठी न(न + १)(न + २)/३ आणि न(न + १)²/२ असे दोन पर्याय दिले आहेत असे समजा. न = १ घेतल्यास दोन्ही पर्याय २ देतात आणि काहीच कळत नाही; न = २ घेतल्यास खरी बेरीज ८ येते, पहिला पर्याय ८ देतो, दुसरा ९ देऊन बाद होतो. त्रिकोणमितीतही असेच घडते. साइन आणि कोसाइन यांच्या चौथ्या घातांची बेरीज विचारली असेल आणि पर्यायांत दुप्पट कोनाच्या साइनची निरनिराळी पदे असतील, तर शून्य अंश घेतल्यास ती सारी पदे नाहीशी होतात. ४५ अंश घेतल्यास बेरीज १/२ येते आणि पर्याय वेगळे पडतात. म्हणून ० आणि १ या सोप्या किमतींवर फार विसंबू नये, आणि दोन पर्याय उरले तर दुसरी किंमत घेऊन पाहावे.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एका किमतीला जुळल्याने सूत्र सिद्ध होत नाही. ही पद्धत केवळ चुकीचे पर्याय बाद करते, आणि चारांपैकी एक नक्की बरोबर आहे या हमीवर तिचा सारा डोलारा उभा असतो. ‘यांपैकी नाही’ असा पर्याय असेल किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकत असतील, तर ती हमी उरत नाही आणि रीतसर सोडवणेच श्रेयस्कर. ज्या प्रश्नांत उत्तर थेट संख्येत लिहायचे असते, तेथे तर हा मार्ग बंदच असतो. त्यामुळे निव्वळ युक्त्यांवर केलेली तयारी मला अपुरी वाटते.

संभाव्यतेत ‘निदान एकदा’ असे शब्द दिसले की उलट बाजूने मोजावे. फासा चार वेळा टाकल्यास निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता काढताना एक, दोन, तीन, चार वेळा अशा शाखा करण्यापेक्षा एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ६२५/१२९६ काढून ती १ मधून वजा करावी, उत्तर ६७१/१२९६. भूमितीत आकृती मोठी काढावी आणि दिलेली नसेल ती समानता गृहीत धरू नये.

वेळेचा हिशेब साधा ठेवावा. एकूण वेळेला प्रश्नसंख्येने भागून सरासरी काढावी, पहिल्या फेरीत मार्ग लगेच दिसणारीच गणिते सोडवावीत, आणि सरासरीच्या दुप्पट वेळ गेलेले गणित, कितीही जवळ आल्यासारखे वाटले तरी, खूण करून सोडून द्यावे.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हे गुणपद्धतीवरून गणिताने ठरवता येते. बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीस १ गुण वजा असेल, तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यास सरासरी लाभ प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण इतकाच होतो. दोन पर्याय गाळता आले तर तोच दीड गुण होतो. बरोबर उत्तरास १ आणि चुकीस १/३ वजा असेल, तर आंधळ्या निवडीचा सरासरी लाभ शून्य असतो, त्यामुळे तेथे निदान एक पर्याय निश्चित बाद झाल्याखेरीज उत्तर देऊ नये.

सराव परीक्षेनंतर चुकलेल्या गणितांबरोबरच बरोबर आलेली पण वेळ खाणारी गणितेही वेगळी काढावीत. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: संकल्पना कच्ची, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली किंवा मार्ग लांबचा निवडला. पहिल्या प्रकारासाठी पुस्तकाकडे परतावे लागते. शेवटच्या प्रकारातील गणिते मात्र काही दिवसांनी पुन्हा हाती घेऊन, आधीची रीत न वापरता, दुसऱ्या मार्गाने सोडवावीत.