डेस्कटॉपला वाय-फाय धरंना? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

मोबाईलवर वाय-फाय मस्त चालायलंय आणि डेस्कटॉपवर मात्र धरंना, असं झालं की कुणीतरी लगेच सांगतं विंडोज खराब झालीय, फॉरमॅट मारावं लागतंय. थांबा जरा. फॉरमॅटनं वाय-फाय सुधरतं असं फार कमी वेळा होतं, उलट चालू असलेला ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला वाय-फाय चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) पण उडतो, आणि टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो, पोराच्या नोट्स गेल्या तर ते वेगळंच. डेस्कटॉपच्या वाय-फायची भानगड बहुतेक वेळा करंटची, अँटेनाची नाहीतर जागेची असती, विंडोजचा नंबर नंतर लागतो. म्हणून त्याच क्रमानं सांगायलोय.

सगळ्यात आधी मोबाईल घ्या, मोबाईल डेटा बंद करा (हे लई जण विसरतात, सिमवर चालू असतंय आणि वाटतंय वाय-फायवर चालायलंय), आणि डेस्कटॉपच्या अगदी शेजारी उभं राहून काहीतरी उघडून बघा. राऊटरजवळ नाही, डेस्कटॉपजवळ. तिथं मोबाईलवर पण काही उघडंना तर राऊटरजवळ जाऊन परत बघा, तिथं पण तेच असंल तर कॉम्प्युटरला हात लावायचं कामच नाही. फायबरच्या डब्यावरचे लाईट बघा. पॉन लिहिलेला लाईट हिरवा आणि स्थिर पाहिजे, आणि एलओएस लिहिलेला लाल लुकलुकत असंल तर सिग्नल बाहेरूनच येईना, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली असंल नाहीतर घरातच पिवळी वायर कपाटामागं दाबली गेली असंल. फायबरची वायर करकचून वाकली तरी सिग्नल जातो, तेवढं बघून घ्या आणि मग तक्रार टाका.

करंटचं पण इथंच बघून घ्या, आपल्याकडं त्याची कमी नाही. लाईट गेली की डेस्कटॉप यूपीएसवर चालू राहतो आणि राऊटर साध्या बोर्डावर बंद पडतो. लाईट आल्यावर लगेच नेट येत नाही, डबा पूर्ण चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात बटणं दाबत बसू नका. आणि राऊटर दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होत असंल तर बऱ्याचदा दोष राऊटरचा नसतो, अडॅप्टरचा असतो, व्होल्टेज कमी-जास्त होऊन ते कमजोर होतंय. बदलताना जुन्यावर जितके व्होल्ट लिहिलेत तितकेच घ्या, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नको, आणि पिन पण तीच बघा.

आता डेस्कटॉपकडं या. लॅपटॉपमधी वाय-फाय आतच असतंय, डेस्कटॉपमधी ते असंलच असं नाही. मागं वाकून बघा. यूएसबीला वाय-फाय धरणारा बोटाएवढा डोंगल लावलाय, का कार्ड बसवलंय, का मदरबोर्डलाच वाय-फाय आहे. मदरबोर्ड किंवा कार्ड असंल तर पाठीमागं दोन पितळी, आटे असलेल्या पिना दिसतात, त्यांना अँटेना फिरवून बसवायच्या असतात. नवीन पीसी असंबल केला आणि ह्या अँटेना खोक्यातच राहिल्या, हे मी लई घरांत बघितलंय. अँटेनाशिवाय पण वाय-फाय चालू दिसतंय, राऊटर शेजारीच असला तर धरतंय सुद्धा, खोली बदलली की गायब. आधी खोकं शोधा.

अँटेना आहे, डोंगल पण आहे, तरी कांडी एकच दिसते, तर मग जागा. फायबरवाले वायर पुढच्या खिडकीतून घेतात आणि राऊटर टीव्हीच्या मागं ठोकून जातात, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टेबलाखाली, कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं, आणि डोंगल कॅबिनेटच्या मागं. म्हणजे डोंगलच्या एका बाजूला पत्र्याचं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला भिंत, वर टेबल. जुन्या वाड्याची दगडी भिंत असंल, धाब्याच्या घराची हातभर जाड मातीची असंल, तर राऊटरच्या दोन बँडपैकी (म्हणजे लहरींच्या पट्ट्यांपैकी, २.४ आणि पाच गीगाहर्ट्झ) पाच गीगाहर्ट्झवाला त्यातून पार होणं अवघडच. लोखंडी कपाट मधी आलं की झालंच.

आणि पाणी. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगायलोय. वाय-फायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. लातूरला औसा रोडकडं एका ताईंचं सेवा केंद्र आहे, घराच्या पुढच्याच खोलीत, जुलैमधी पीक विम्याच्या अर्जांची गर्दी चालू होती आणि पोर्टल उघडंना. त्या म्हणायल्या, "दादा, परवापर्यंत चांगलं चालत होतं की." मी विचारलं, मधी काय हलवलं का. "हलवलं काहीच नाही हो, नळाला पाणी आलं तर दोन ड्रम भरून ठेवलेत तेवढे." ते दोन्ही निळे ड्रम बरोबर राऊटर आणि कॉम्प्युटरच्या मधी. ड्रम भिंतीच्या दुसऱ्या कडंला सरकवले आणि राऊटर टीव्हीमागून काढून वर लॉफ्टच्या कडंला ठेवला, तर एका कांडीच्या तीन झाल्या आणि अर्ज जायला लागले. आपल्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पाणी भरून ठेवायची सवय कुणाची सुटणार नाही आणि सुटू पण नये, फक्त ते राऊटरच्या रेषेत नको. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर मधी आला की तेच होतंय, आत पाणी आणि बाहेर पत्रा. मे महिन्यात नेट स्लो झालं तर कंपनीला फोन लावायच्या आधी कूलर कुठं ठेवलाय ते बघा. राऊटर पत्र्याच्या छताला चिकटवून पण ठेवू नका, उन्हानं पत्रा तापला की राऊटर तापून अडकतो.

डोंगलसाठी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबीची एक्स्टेंशन केबल, मीटरभर बास. डोंगल मागून काढून टेबलावर, मॉनिटरच्या वरच्या कडंला आणा. ह्याचा अजून एक फायदा होतो. निळे यूएसबी पोर्ट असतात ना, यूएसबी थ्री, त्यांच्यात डेटा चालू असला की २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास लहरींचा गोंगाट तयार होतो (कानाला ऐकू येणारा नाही) आणि शेजारी लावलेल्या डोंगलला राऊटरचं ऐकू येत नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की वाय-फाय तुटतंय असं वाटत असंल तर ते खरंच तसं होत असतंय. डोंगल काळ्या पोर्टला लावा, हार्ड डिस्क निळ्या पोर्टला, दोघांत अंतर ठेवा.

एवढं करून बाकी सगळ्यांचे वाय-फाय दिसतात पण आपलंच नाव लिस्टमधी नाही, असं असंल तर ते बँडचं काम आहे. १५० एमबीपीएस लिहिलेले छोटे डोंगल फक्त २.४ वर चालतात, त्यांना राऊटरचं पाच गीगाहर्ट्झचं नाव दिसणारच नाही, कितीबी रिफ्रेश मारा. राऊटरच्या सेटिंगमधी २.४ चालू करा. मोबाईलचं हॉटस्पॉट वापरत असाल तर हॉटस्पॉटमधी बँडचा ऑप्शन शोधा आणि तो पण २.४ वर करा, आयफोनमधी "मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी" नावाचं बटण आहे ते चालू करा. अजून एक बारीक गोष्ट, राऊटर कधी कधी आपोआप चॅनल १२ किंवा १३ धरतो, मोबाईलला ते दिसतंय पण काही डोंगलना दिसत नाही. चॅनल ऑटो ठेवू नका, १, ६ नाहीतर ११ पैकी एक हातानं टाका. नाव दिसतंय, पासवर्ड पण बरोबर आहे, तरी धरंना, तर राऊटरची सिक्युरिटी डब्ल्यूपीए थ्री वर आहे का बघा, जुन्या डोंगलला ते कळत नाही, डब्ल्यूपीए टू करा. आणि एकदा नेटवर्क फरगेट करून नव्यानं पासवर्ड टाका.

वाय-फायचं चिन्हच गायब असंल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समधी बघा. तिथं वायरलेस लिहिलेलं काहीच नाही नाहीतर पिवळं चिन्ह आहे, म्हणजे ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर, इथंच लोकं अडकतात. तर अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या डेटा केबलनं कॉम्प्युटरला जोडा, हॉटस्पॉटच्याच पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा, वाय-फाय नसलं तरी डेस्कटॉपला नेट येतंय. मग ड्रायव्हर घ्या, आणि कंपनीच्या साईटवरूनच घ्या, सर्चमधी पहिले येणारे "ड्रायव्हर अपडेटर" टाकू नका, ते कॉम्प्युटरमधी कचरा भरतात. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, त्यातच ड्रायव्हर असतो, तो टाकायचा आणि ती ड्राइव्ह इजेक्ट करायची, मग ते वाय-फाय म्हणून उठतात.

थोडा वेळ कॉम्प्युटर नुसता ठेवला की वाय-फाय तुटतंय, असं असंल तर डिव्हाइस मॅनेजरमधीच वायरलेस अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधी पॉवर मॅनेजमेंटला जा आणि वीज वाचवायला हे बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका.

राहिलं ते "कनेक्टेड, नो इंटरनेट". कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राऊटरला पिंग करा (ping लिहून पुढं पत्ता टाका, समोरून उत्तर येतंय का ते कळतं), बहुतेक राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आलं तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर नेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तिथून पण उत्तर येतंय आणि साईटच उघडंना, तर डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) अडकलंय, वाय-फायच्या सेटिंगमधी डीएनएस हातानं ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. राऊटरकडूनच उत्तर नाही आणि कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ नं सुरू होतोय, तर राऊटरनं पत्ता दिलेलाच नाही, राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा, आणि आधी कुणी आयपी हातानं टाकून ठेवला असंल तर तो काढून ऑटोमॅटिक करा.

पिंग सगळीकडं होतंय पण प्रत्येक साईट "सुरक्षित नाही" म्हणायली, तर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मेन स्विच बंद राहिला, लाईट लई वेळ गेली, आणि मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की तारीख कित्येक वर्षं मागं जाती आणि बँकेची, सरकारी, कुठलीच साईट उघडत नाही. तारीख नीट करा, आणि तो सेल बदला, सीआर २०३२ म्हणून घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. बदलताना पॉवरची वायर काढून ठेवा.

विंडोजच्या सेटिंगमधलं नेटवर्क रिसेट सगळ्यात शेवटी. सगळे वाय-फाय पासवर्ड जातात, आधी लिहून ठेवा.

आणि डेस्कटॉप एका जागेवरून हलणारच नसंल, त्यावर परीक्षेचे फॉर्म, विम्याचे अर्ज असलं वेळेचं काम चालत असंल, तर माझं ऐका, सरळ लॅन केबल टाका. १०० मीटरपर्यंत कॅट सिक्स केबल आरामात चालती, जाड भिंत, ड्रम, कूलर कशाचाच तिला फरक पडत नाही. केबल लाईटच्या वायरीच्या पट्टीतून नेऊ नका. एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून तर अजिबात ओढू नका, आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा जोरात पडतात आणि जवळ पडलेली वीज त्या केबलनं राऊटर, मदरबोर्ड दोन्ही जाळती. घरातल्या घरात असली तरी कडकडाट सुरू झाला, की कॉम्प्युटर बंद करून राऊटरचं अडॅप्टर आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवा.