साथीच्या काळात कुणाला बदनाम करणारी पोस्ट आली तर काय करायचं

2020 च्या कोरोनात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी आली, नाव, वय, फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर सगळं त्यात, आणि खाली चार-पाच जणांचं "माहितीबद्दल धन्यवाद". यादीतल्या एका ताईंना रात्री फोन केला तर म्हणाल्या, अगं फोन सारखा वाजतोय, कोण कुठली माणसं शिव्या घालतायत, तापाने फणफणलेलं पोरगं आत्ता कुठे झोपलं होतं ते परत उठलं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी जे करते ते सांगते.

पोस्टमध्ये माणूस ओळखू येतोय का ते आधी बघा. नाव, चेहरा, गाडीचा नंबर, पत्ता, यातलं एक जरी असेल तर पुढे पाठवायचीच नाही, "फक्त सावध करायला" म्हणून पण नाही. सावध करायला नाव लागतच नाही, अमुक दिवशी अमुक कार्यक्रमाला होतात तर टेस्ट करून घ्या एवढं पुरतं.

"ह्याच्यामुळेच पसरला" असं लिहिलेलं असेल तर सरळ सोडून द्या. कोविडची लक्षणं दिसायला 14 दिवसांपर्यंत लागू शकतात आणि लक्षणं नसतानाही तो पसरतो, मग कुणाकडून कुणाला झाला हे घरबसल्या कसं कळणार? एड्सच्या वेळी कॅनडातल्या एका विमान कर्मचाऱ्याला अमेरिकेतला पहिला रुग्ण ठरवलं गेलं, खरं तर अभ्यासात त्याच्यापुढे इंग्रजी ओ हे अक्षर होतं, कॅलिफोर्नियाबाहेरचा या अर्थाने, लोकांनी ते शून्य, म्हणजे पहिला रुग्ण, असं वाचलं आणि 1987 मध्ये त्याचं नाव जगभर गाजलं. जनुकीय तपासणीतून तो पहिला नव्हता हे 2016 मध्ये स्पष्ट झालं, तोवर त्याला जाऊन 32 वर्षं झाली होती.

गर्दीचा फोटो असेल तर अजून जपून. लांबून झूम लेन्सने काढलेल्या फोटोत पुढची-मागची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात मध्ये बरंच अंतर असू शकतं. मागचे खांब, झाडं पण अशीच दाटलेली दिसतायत का बघा, आणि गूगल लेन्सवर टाकून फोटो जुना तर नाही ना ते तपासा.

पोस्ट टाकणाऱ्याला ग्रुपवर झापू नका, तो अडून बसतो आणि पोस्ट तशीच राहते. पर्सनलवर लिहा, "दादा, त्यात त्यांचा नंबर आहे, लोकं फोन करून त्रास देतायत, डिलीट कराल का प्लीज". बहुतेक जण करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस मिळतात आणि अ‍ॅडमिन कुणाचाही मेसेज काढू शकतो, म्हणून अ‍ॅडमिनला पण सांगा. तुम्हीच आधी पुढे पाठवली असेल तर जिथे जिथे पाठवली तिथे जाऊन काढायला लावा.

खरंच कुणी नियम मोडत असेल तर आरोग्य विभागाला कळवा, व्हिडिओ व्हायरल करून काही होत नाही उलट बघणारे घाबरतात, उद्या आपलंही असंच होईल म्हणून ताप लपवतात, टेस्टला जात नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रेडक्रॉसने मिळून हे सांगितलं होतं, आणि "केस" न म्हणता "कोविड झालेली व्यक्ती" म्हणा असंही.

आणि तुमचीच बदनामी चालू असेल तर उत्तरं देत बसू नका प्लीज. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख, नंबर, लिंक दिसेल असे, मग रिपोर्ट करा, प्रोफाईल लॉक करा. धमकी असेल तर पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा. फोन दोन दिवस घरातल्या कुणाकडे तरी देऊन टाका, कॉमेंट त्यांना वाचू दे, तुम्ही औषधं घ्या आणि झोपा.

ओळखीच्या कुणावर ही वेळ आली तर कसं झालं, कुठून झालं हे विचारू नका, फोन करून एवढंच विचारा की औषध, दूध काय आणून दारात ठेवू.