व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय? आकडे बदलण्याआधी या चुका टाळा

महिनाअखेर आहे, टॅली उघडं आहे, एक्सेलच्या चार-पाच फायली आणि ब्राउझरमध्ये डझनावारी टॅब. अशात विंडोज सांगतं की मेमरी कमी पडतेय, फायली सेव्ह करा आणि अमुक प्रोग्रॅम बंद करा. बहुतेक जण चौकट बंद करून पुढे टाइप करत राहतात. तसं करू नका. या टप्प्यावर एखाद्या प्रोग्रॅमने आणखी मेमरी मागितली आणि ती नाकारली गेली, तर तो जागीच बंद पडू शकतो. आधी सगळं सेव्ह करा, शोधाशोध मग.

शोधाशोध करताना लोक टास्क मॅनेजर उघडतात, रॅम ६५ टक्केच भरलेली दिसते आणि इशाराच खोटा ठरवून मोकळे होतात. पण इशारा नुसत्या रॅमबद्दल नसतोच, तो रॅम आणि डिस्कवरची जोडजागा मिळून होणाऱ्या व्हर्च्युअल मेमरीबद्दल असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं प्रोग्रॅमही करतात. सीट रिकामी दिसते, पण ती दुसऱ्याला मिळत नाही. विंडोज अशी धरलेली प्रत्येक जागा मोजतं, वापरलेली असो वा नसो. हा हिशेब टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये, 'मेमरी'खाली 'कमिटेड' या नावाने असतो. तिथे १५.१/१५.८ जीबी असं काही दिसलं, तर गाडी भरली. दुसरा आकडा म्हणजे मर्यादा, आणि ती साधारण रॅम अधिक पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) इतकी असते.

म्हणूनच पेजिंग फाइल बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'एसएसडी झिजते, बंद करा' हा सल्ला व्हिडिओंमध्ये अजून फिरतो. ८ जीबी रॅमवर ती बंद केली की मर्यादा जेमतेम ८ जीबी उरते आणि इशारे वाढतात. झिजण्याचं म्हणाल, तर विंडोज ७ च्या वेळी, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टनेच मोजणी करून सांगितलं होतं की या फाइलमधून वाचणं हे तिच्यात लिहिण्याच्या सुमारे ४० पट असतं, आणि एसएसडी ही तिच्यासाठी उत्तम जागा आहे. शिवाय मशीन निळ्या स्क्रीनवर कोसळलं, तर कारण शोधण्यासाठी लागणारी नोंदही सहसा याच फाइलच्या आधाराने साठवली जाते.

आपल्याकडची एक खास सवयही नडते. नवा लॅपटॉप आला की सी, डी, ई असे भाग पाडून घ्यायचे आणि सी ला १०० जीबी द्यायचे. आकार विंडोजवर सोपवला, तर पेजिंग फाइल रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांपैकी जे मोठं असेल तिथवर वाढू शकते. पण ड्राइव्हच्या एक-अष्टमांशापुढे सहसा जात नाही. म्हणजे १०० जीबीच्या सी वर साडेबारा. त्यात डाउनलोड आणि डेस्कटॉपवरच्या फायलींनी सी भरला असेल, तर तेवढीही वाढायला जागा नाही. आधी सी मोकळा करा. नाहीच जमलं, तर डी वरही पेजिंग फाइल ठेवता येते.

सेटिंग 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये आहे: परफॉर्मन्सचं 'सेटिंग्ज' बटण, मग 'अॅडव्हान्स्ड' टॅब, मग 'व्हर्च्युअल मेमरी'खालचं 'चेंज'. सगळ्यात वरची ऑटोमॅटिकची खूण राहू देणं बहुतेकांसाठी योग्य. हाताने आकडे द्यायचेच असतील, तर ते एमबीमध्ये असतात (८ जीबी म्हणजे ८१९२). आणि 'ओके'च्या आधी 'सेट' दाबा. ते न दाबल्याने बदल लागू होत नाही, आणि मग 'सगळं करून पाहिलं, उपयोग नाही' अशी तक्रार सुरू होते.

मात्र आकडा वाढवून गुन्हेगार सापडत नाही. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम' उघडा आणि २००४ क्रमांकाची नोंद शोधा. इशाऱ्याच्या वेळी सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमची नावं तिथे आकड्यांसह मिळतात. इतकी उपयोगी गोष्ट इतक्या आत का दडवली आहे, कोण जाणे! आता टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स' टॅबमध्ये 'कमिट साइझ' हा रकाना लावा. त्याच प्रोग्रॅमचा आकडा सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा. काम तेवढंच असून आकडा चढतच असेल, तर ती गळती आहे, म्हणजे प्रोग्रॅम धरलेली जागा सोडतच नाही. तो प्रोग्रॅम अपडेट करा किंवा बदला. ब्राउझर दोषी निघाला, तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, नेमका टॅब कळेल.

'रॅम क्लीनर' अॅपच्या नादी लागू नका. ती रॅममधली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) बाहेर ढकलतात, रुमाल मात्र जागेवरच.

यादीतल्या कुणाचाच आकडा मोठा नाही, तरी 'कमिटेड' फुगलेलं आहे? मग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'नॉन-पेज्ड पूल' पाहा, म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) वापरतात ती, कायम रॅममध्येच राहणारी मेमरी. तो काही जीबींत गेला असेल, तर संशय ड्रायव्हरवर. अशा वेळी रोज रात्री 'शट डाउन' करून फरक पडत नाही, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपला जातो आणि सकाळी तोच परत येतो. 'रीस्टार्ट' करा, मग ड्रायव्हर अपडेट करा.

यातलं काहीच नसेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर ती वाढवा. विंडोज ११ ची ती किमान अट आहे, आरामाची नव्हे. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूझ्ड' बघा आणि लॅपटॉपच्या मॉडेलची माहितीही तपासा. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, वाढवता येत नाही.