पावसाळ्यात लॅबमध्ये या चुका टाळा

गोव्यात जून लागला की लॅबचं गणित बदलतं, लाईट कधीही जाते, भिंती घामेजतात, लेबलं सुटतात. मी आता एमेस्सीच्या पोरांबरोबर काम करते आणि दरवर्षी पहिल्या आठवड्यात हेच सगळं घसा कोरडा होईपर्यंत सांगते, कारण मी बघितलेले बहुतेक अपघात कोणी जागेवर नसताना झालेत.

त्यातला एक माझाच. जुलै महिना, इथेनॉलचा रिफ्लक्स लावलेला (म्हणजे उकळून वाफ गार करून परत त्याच भांड्यात पाडायची), वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरला छोट्या पंपाने पाणी फिरतंय, सगळं छान चाललंय म्हणून मी कॅन्टीनला भाजी-पाव खायला गेले. मध्येच लाईट गेली, पाच मिनिटांनी आली, आम्ही कोणी लक्षही दिलं नाही. परत आले तर कॉरिडॉरपासूनच स्पिरिटचा वास. झालं काय होतं, तर जुन्या नॉबवाल्या हॉटप्लेटला लाईट आली की ती आपोआप तापायला लागते, पण पंपाच्या नळीत हवा अडकून पाणी फिरेना आणि फ्यूम हूडच्या (विषारी वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाच्या) पंख्याला स्टार्टर असल्यामुळे कोणीतरी बटण दाबल्याशिवाय तो चालू होत नाही. म्हणजे उकळणं चालू, गार करणं बंद, वाफ ओढून घेणंही बंद. लॅब असिस्टंट काकांनी आधी खिडक्या उघडल्या, मला स्विचला हात लावू दिला नाही, कारण वाफ भरलेल्या खोलीत स्विच टाकला तरी ठिणगी उडते, आणि बाहेरच्या मेन पॅनलवरून लाईन बंद केली. तेव्हापासून माझा नियम असा की लाईट गेली की लगेच, अंधारातच, हॉटप्लेट आणि स्टररचे नॉब शून्यावर. लाईट आल्यावर आधी पंखा, मग पाणी, आणि शेवटी उष्णता. रिफ्लक्स लावून खाली जायचंच असेल तर कोणाला तरी बसवून जा, नुसतं ‘जरा बघ हां’ म्हणून नाही, काय बघायचं आणि काय बंद करायचं ते सांगून.

दुसरी चूक लॅमिनार फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट) आणि फ्यूम हूड एकच समजण्याची. झूलॉजी-मरीनवाली पोरं हे फार करतात. आडव्या लॅमिनार फ्लोची हवा आतून तुमच्या तोंडावर येते, ती कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू किंवा पेशी, वाचवायला असते, तुम्हाला वाचवायला नाही. त्यात फॉर्मेलिनची (नमुने टिकवायच्या रसायनाची) बरणी उघडली की वाफ सरळ नाकाडोळ्यात. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली आणि घराघरात लोकांनी मासे आणणं बंद केलं होतं, आठवत असेलच, मग लॅबमध्ये तेच फॉर्मेलिन उघड्या टेबलावर का ओतायचं? फ्यूम हूड वापरा, काच खुणेपर्यंत खाली ओढा, आणि आत बाटल्यांचं गोदाम करू नका, मागच्या फटी झाकल्या की हूड ओढतच नाही.

ग्लोव्हजचं पण तसंच. निळे नायट्राइल घातले की काही होत नाही असं वाटतं, पण डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट त्यातून काही मिनिटांत आरपार जातं आणि ॲसिटोनलाही ते फार टिकत नाहीत, सांडलं तर लगेच काढून टाका, हात धुवा, नवे घाला. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषाचे काही थेंब पडले, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या गेल्या. स्वतः विषारी धातूंवर संशोधन करणारी बाई. मी हे सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि व्हायलाच पाहिजे.

लेबलं. जेल पेनने लिहिलेलं फ्रीजमधल्या दवाने वाहून जातं, परमनंट मार्कर इथेनॉलच्या एका थेंबाने पुसतो. पेन्सिलीने लिहा, वर पारदर्शक टेप लावा. नाव, तारीख, कोणाची. ‘बाये, ही बाटली कोणाची?’ असं काकांना विचारावं लागलं तर ती आपली चूक. ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटांवर उघडल्याची तारीख हवीच, जुन्या बाटलीत धक्क्याने फुटणारे पेरॉक्साइड होतात आणि झाकणाजवळ स्फटिक दिसले तर झाकण फिरवायचं नाही, बाटली हलवायची पण नाही, सरांना बोलवायचं. आणि ईथर साध्या घरगुती फ्रीजमध्ये कधीच नाही! त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) उणे ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रीजमध्येसुद्धा पेटेल एवढी वाफ होते आणि आतला थर्मोस्टॅट ठिणगी टाकतो. चवथीच्या सुट्टीत लॅब बंद, लाईट जाते-येते, कोणी फिरकत नाही, विचार करा.

वेस्टच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड आणि सॉल्व्हंट एकत्र ओतून झाकण घट्ट लावणं ही पण नेहमीची चूक, आत गॅस तयार होतो आणि बाटली फुटते, कधी कधी काही तासांनी. वेगळ्या बाटल्या ठेवा, बस.

एवढं करूनही डोळ्यात किंवा अंगावर उडालंच तर १५ मिनिटं वाहतं पाणी, घड्याळ लावून, दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही आणि ॲसिडवर सोडा वगैरे शोधत बसायचं नाही. आयवॉश आठवड्यातून एकदा चालवून बघा, नाहीतर ऐन वेळी गंजाचं लाल पाणी येतं. एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) वापरत असाल तर त्यावरचा उपाय असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधी आणा, मगच बाटली उघडा. १०८ ला फोन केला की बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतील, पण तिथल्या डॉक्टरांना काय उडालं ते कळायला हवं, म्हणून काम सुरू करायच्या आधी बाटलीच्या लेबलचा फोटो शेजारच्याच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, तुमचा मोबाईल तर तेव्हा कोटाच्या खिशात भिजत असेल.